ओड्डाची लढाई कोणी जिंकली?

परवा ऑफिसात जेवताना 'द लास्ट किंगडम'चा विषय निघाला. टीममधल्या एका मुलाने पाचही सीझन तीन वीकांतांत संपवले होते (४६ भाग! डोळे शाबूत आहेत हेच नशीब). डब्यातली भेंडी बाजूला सारत तो म्हणाला, "काही म्हण, उट्रेड नसता तर इंग्लंड झालंच नसतं."

मी म्हटलं, "अरे, उट्रेड नव्हताच."

त्याचा चेहरा असा काही पडला की मलाच वाईट वाटलं. जरा वेळाने त्याने विचारलं, "मग उब्बाला कोणी मारलं?"

प्रश्न अगदी रास्त होता आणि मला तिथल्या तिथे धड उत्तर देता आलं नाही. म्हणून या शनिवारी कपाटातली पुस्तकं काढून बसलो. (पुढे मालिकेतल्या बऱ्याच गोष्टी उघड होतात. पाहायची राहिली असेल तर इथेच थांबा, नंतर शिव्या देऊ नका.)

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात पार्श्वभूमी. नवव्या शतकात 'इंग्लंड' नावाचा एक देश नव्हता. नॉर्थम्ब्रिया, ईस्ट अँग्लिया, मर्सिया आणि वेसेक्स अशी चार मुख्य सॅक्सन राज्यं होती. ८६५ साली डेन लोकांचं मोठं सैन्य उतरलं आणि पुढच्या बारा-तेरा वर्षांत पहिली तीन राज्यं कोसळली. उरलं फक्त वेसेक्स, तेच ते 'शेवटचं राज्य'. त्याचा राजा आल्फ्रेड (राज्यकाळ ८७१ ते ८९९). बर्नार्ड कॉर्नवेलने या काळावर २००४ ते २०२० दरम्यान तेरा कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांवर २०१५ ते २०२२ अशी ही मालिका झाली. नायक उट्रेड जन्माने सॅक्सन, वाढला डेन लोकांत, आणि आल्फ्रेडच्या प्रत्येक महत्त्वाच्या लढाईत नेमका हजर.

आता ऐतिहासिक मालिकांमधल्या चुका काढणं हा अस्मादिकांचा जुना छंद. पण सगळ्या चुका एका मापाच्या नसतात. आमच्या धंद्यात बग सापडला की आधी त्याची तीव्रता ठरवतात. बटणाचा रंग चुकला तर तो एक प्रकार, आणि एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले तर तो वेगळा. तेच माप इथे लावून पाहू.

सगळ्यात किरकोळ चुका कपडेपटाच्या. शिंगांची शिरस्त्राणं सगळ्यांना माहीत असतात. व्हायकिंग लोक ती घालून लढल्याचा काहीही पुरावा नाही. ती प्रतिमा पसरली १८७६ नंतर, बायरॉइटला वाग्नरच्या 'रिंग' ऑपेरासाठी कार्ल एमिल डोप्लरने कपडे केले तेव्हापासून. खऱ्या व्हायकिंग शिरस्त्राणाचा सगळ्यात चांगला नमुना नॉर्वेत ग्येर्मुंडबू इथे १९४३ मध्ये सापडला. गोल लोखंडी टोपी, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी, शिंगं शून्य. 'लास्ट किंगडम' आणि 'व्हायकिंग्ज' (२०१३ ते २०२०) या दोन्ही मालिकांनी शिंगांचा मोह टाळलाय, तेवढं मान्य करायला हवं. पण शिंगं गेली आणि त्यांच्या जागी काळं चामडं आणि मळ आला! सगळे जण मोटारसायकलवाल्यांच्या टोळीसारखे दिसतात. प्रत्यक्षात ही मंडळी रंगीत लोकरीचे कपडे, काचेचे मणी, चांदी यांची भलतीच शौकीन. थडग्यांमध्ये कंगवे सर्रास सापडतात. तेराव्या शतकातला एक इंग्लिश लेखक तर तक्रार करतो की हे डेन रोज केस विंचरायचे, दर शनिवारी अंघोळ करायचे आणि त्यामुळे आमच्या घरंदाज बायका त्यांच्यावर भाळायच्या! स्वीडिशमध्ये शनिवारला आजही 'लोर्डाग' म्हणतात, म्हणजे शब्दशः अंघोळीचा वार.

भूगोलाचंही तसंच. 'व्हायकिंग्ज'मध्ये रॅग्नारचं गाव म्हणजे कट्टेगाट. उंच डोंगर, खाली निळंशार पाणी, बघत राहावं असं. पण कट्टेगाट हे गाव नाहीच, ती डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधली सामुद्रधुनी आहे. दिसणारे डोंगर आयर्लंडचे, कारण चित्रीकरण तिथलं. डेन्मार्कमधली सगळ्यात उंच टेकडी दोनशे मीटरचीही नाही.

या चुका मला खटकतात, पण त्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. सोडून देऊ.

दुसरी पायरी कालगणनेची. 'व्हायकिंग्ज'मध्ये रॅग्नार आणि त्याचा भाऊ रोलो लिंडिसफार्नच्या मठावर धाड घालतात. ती खरी धाड ७९३ सालची. पुढे हाच रोलो फ्रँक राजाकडून नॉर्मंडी मिळवतो. ती घटना ९११ ची. मध्ये ११८ वर्षं! वेसेक्सचा राजा एक्बर्ट ८३९ मध्ये वारला आणि नॉर्थम्ब्रियाचा एला ८६०च्या दशकातला, पण मालिकेत दोघं एका टेबलावर बसून कट शिजवतात. रॅग्नार हा मुळात खरा माणूस होता की अनेकांच्या गोष्टी एकत्र होऊन तयार झाला, यावरच वाद आहे. त्याच्याविषयी जे सांगितलं जातं ते मुख्यतः सागांमधून येतं. सागा म्हणजे आपल्या बखरींच्या जातीचं लिखाण समजा. घटनेनंतर तीन-चारशे वर्षांनी लिहिलेलं, रसाळ, आणि तारखांच्या बाबतीत उदार.

उट्रेडचीही गंमत आहे. बॅम्बरोचा उट्रेड नावाचा सरदार खरोखर होता, पण तो मारला गेला १०१६ साली, आल्फ्रेडनंतर शंभराहून जास्त वर्षांनी. कॉर्नवेलला वयाच्या पन्नाशीनंतर आपले जन्मदाते वडील भेटले, त्यांचं आडनाव ऑट्रेड. त्या घराण्याची वंशावळ बॅम्बरोपर्यंत जाते हे कळलं आणि कादंबरीला नायक मिळाला. मग त्याला दीडेकशे वर्षं मागे नेलं. कादंबरीतला उट्रेड ८६६ च्या सुमाराला दहा वर्षांचा आहे, म्हणजे ९३७ च्या ब्रुनानबर्हच्या लढाईत तो ऐंशीचा आजोबा व्हायला हवा. २०२३ च्या 'सेव्हन किंग्ज मस्ट डाय' या चित्रपटात तो त्या लढाईत तलवार चालवताना दिसतो, आणि ऐंशीचा तर अजिबात दिसत नाही :)

ही मध्यम तीव्रतेची चूक. गोष्ट सांगायला एक माणूस शेवटपर्यंत टिकावा लागतो, हे मी समजू शकतो.

तिसरा प्रकार मात्र एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेल्यासारखा, आणि तिथेच माझ्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

८७८ चा जानेवारी. गुथ्रमच्या डेन सैन्याने चिपनहॅमवर अचानक हल्ला केला आणि आल्फ्रेडला मूठभर लोकांनिशी सॉमरसेटच्या दलदलीत पळावं लागलं. त्याच हिवाळ्यात डेन लोकांचा दुसरा जथा २३ जहाजं घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर उतरला. त्याचा नेता इव्हार आणि हाफडान यांचा भाऊ. (उब्बा हे नाव या लढाईला नंतरच्या लेखकांनी जोडलं.) स्थानिक सॅक्सन लोक सिनविटच्या गढीत शिरले. आल्फ्रेडचा चरित्रकार ॲसर सांगतो की गढीची काही तयारी नव्हती आणि जवळपास पाणीही नव्हतं. डेन लोकांनी हिशेब केला की हल्ला कशाला करायचा, तहानेने आपोआप बाहेर येतील. आतल्या लोकांनीही तोच हिशेब केला आणि तहानेने मरण्याआधीच पहाटे अचानक बाहेर पडून तुटून पडले. डेन नेता मारला गेला, त्याच्याबरोबर आठशेहून जास्त माणसं, आणि त्यांचा कावळ्याचा झेंडा हाती लागला. राजा स्वतः लपलेला असताना मिळालेला हा विजय! चार-पाच महिन्यांनी आल्फ्रेडने एडिंग्टनला गुथ्रमला हरवलं ते सगळ्यांना माहीत असतं. पण सिनविटला उलटा निकाल लागला असता तर आल्फ्रेड दोन सैन्यांच्या मध्ये सापडला असता.

या गढीतल्या लोकांचा नेता कोण? दहाव्या शतकातला इतिहासकार एथेलवेअर्ड नाव देतो: ओड्डा, डेव्हनचा अधिकारी.

आता मालिका पाहा. उट्रेड रात्री एकटा डेन छावणीत घुसतो, जहाजं पेटवतो आणि द्वंद्वात उब्बाला मारतो. मग तो आधी बायकोला भेटायला जातो. तेवढ्यात थोरल्या ओड्डाचा मुलगा, धाकटा ओड्डा, आल्फ्रेडकडे जाऊन विजयाचं श्रेय स्वतः लाटतो. उट्रेड संतापतो, आणि आपणही सोफ्यावर बसून धाकट्या ओड्डाला शिव्या घालतो.

नीट लक्षात घ्या काय झालं ते. लढाई ओड्डाची. मालिकेने ती ओड्डाकडून काढून एका काल्पनिक माणसाला दिली, आणि वर ओड्डाच्याच घराण्यावर श्रेय चोरल्याचा आळ घेतला! मी हे पहिल्यांदा ताडून पाहिलं तेव्हा हसलो. मग हसू थांबलं.

थांबलं कारण हा प्रकार ओळखीचा आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दोन रात्री जागून डेटा हलवायची एक स्क्रिप्ट लिहिली होती. पुढच्या आठवड्यात मोठ्या मीटिंगमध्ये ती दुसऱ्याच कुणाच्या नावाने पडद्यावर झळकली. बरेच दिवस मी मनातल्या मनात धुमसत होतो. पण मागच्या वर्षी क्लायंटला डेमो द्यायची पाळी माझ्यावर आली. पंधरा मिनिटं, मस्त रंगला. नंतर लक्षात आलं की ज्या मुलीने आदल्या रात्री बारापर्यंत बसून त्यातल्या सात चुका शोधल्या होत्या, तिचं नाव मी घेतलंच नाही. काही वाईट हेतू नव्हता हो. एकाच माणसाची गोष्ट सांगायला सोपी पडते, एवढंच. ती काही बोलली नाही. चहा घेताना फक्त म्हणाली, "छान झाला डेमो."

मालिकांचंही हेच होतं. आणि त्यात सर्वांत जास्त मार बसतो तो ज्याला चेहरा नाही अशा कामाला.

वेसेक्स वाचलं ते तलवारबाजीने नाही असं मी म्हणणार नाही, पण टिकलं ते व्यवस्थेमुळे. एडिंग्टननंतर आल्फ्रेडने राज्यभर तटबंदीची गावं उभारायला घेतली. त्यांना म्हणायचे 'बर्ह', आजच्या इंग्रजी 'बरो'चा पूर्वज. सैन्याचे दोन भाग केले, निम्मे घरी शेतीवर आणि निम्मे कामगिरीवर, पाळीपाळीने. चक्क शिफ्ट! दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा एक दस्तऐवज आहे, 'बर्गल हायडेज'. त्यात तीसएक गावांची यादी आणि प्रत्येकाला जोडलेली जमीन 'हाईड' या मापात दिली आहे. नियम असा: प्रत्येक हाईडमागे एक माणूस, आणि तटाच्या दर साडेपाच यार्डांना चार माणसं.

आता विंचेस्टर घ्या. २,४०० हाईड, म्हणजे २,४०० माणसं. भागिले चार, ६०० तुकडे. गुणिले साडेपाच, ३,३०० यार्ड, म्हणजे ९,९०० फूट तट. आणि विंचेस्टरचा प्रत्यक्ष जुना रोमन तट मोजला तर भरतो ९,९५४ फूट. फरक फक्त ५४ फुटांचा! अकराशे वर्षांपूर्वी कुणीतरी तटाचं माप घेऊन, माणसं मोजून, गावोगावची जमीन नेमून दिली होती. सगळ्याच गावांचं गणित इतकं चपखल जुळत नाही, पण यादीत मिळून २७ हजारांवर माणसांची तरतूद आहे. मी कपॅसिटी प्लॅनिंगचे जे एक्सेल पाहिलेत त्यांच्यात इतकी अचूकता क्वचितच असते.

८९२ मध्ये नवं डेन सैन्य समुद्र ओलांडून आलं तेव्हा याचा कस लागला. केंटच्या बाजूला त्यांना एक अर्धवट बांधलेला कोट सापडला, आत थोडेसे शेतकरी. तो त्यांनी सहज घेतला. पण जिथे तट पुरा होता आणि माणसं जागेवर होती तिथे डाळ शिजेना. चार वर्षं हिंडून ८९६ मध्ये ते सैन्य पांगलं. उट्रेडच्या तलवारीने नाही, तर कुठल्याशा गावातल्या पाळीवर आलेल्या माणसामुळे. त्या माणसावर मालिका कशी काढणार? तो रात्रभर तटावर उभा राहतो आणि काहीच घडत नाही. काही घडलं नाही हेच त्याचं यश.

आणखी एक नाव, आल्फ्रेडची मुलगी एथेलफ्लेड. नवरा मर्सियाचा शासक, तो ९११ मध्ये वारला आणि मर्सियाने तिला आपली स्वामिनी मानलं. ९१० ते ९१५ या काळात तिच्या नावावर दहा बर्ह आहेत, त्यांत टॅमवर्थ, स्टॅफर्ड, वॉरिक. ९१७ मध्ये तिने डर्बी घेतलं, ९१८ मध्ये लेस्टर लढाईशिवाय मिळवलं, यॉर्कच्या लोकांनीही तिला मानायचं कबूल केलं, आणि १२ जून ९१८ ला ती वारली. मालिकेने तिला लोकांपर्यंत पोचवलं याबद्दल खरंच आभार मानायला हवेत. पण चौथ्या सीझनमध्ये मर्सियाची गादी आधी उट्रेडला मिळते आणि तो मोठ्या मनाने ती तिला देतो. म्हणजे तिचं स्वतःचं राज्यही तिला नायकाची भेट म्हणून मिळायचं!

मात्र दोष फक्त टीव्हीला देऊन चालणार नाही. इंग्रजांची वर्षवार नोंदवही, 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल', आल्फ्रेडच्या काळात वेसेक्समध्येच आकाराला आली. त्या मुख्य नोंदींत एथेलफ्लेडचा भाऊ राजा एडवर्ड याचे पराक्रम तपशीलवार येतात आणि तिचे जवळजवळ येतच नाहीत. तिची कामगिरी आपल्याला कळते ती मर्सियाच्या एका छोट्या नोंदसंचामुळे, जो काही प्रतींमध्ये जोडला गेला म्हणून वाचला. कारणही उघड आहे. ती गेल्यावर काही महिन्यांत एडवर्डने तिच्या मुलीचे अधिकार काढून घेतले आणि तिला वेसेक्सला नेलं. मर्सिया स्वतंत्रपणे इतकं काही करत होतं हे ठळकपणे लिहून ठेवणं सोयीचं नव्हतं. म्हणजे पहिलं संपादन दरबारातच झालेलं. ॲसर काय, तोही आल्फ्रेडच्या पदरी होता.

आणि गोष्ट फुगवायचा रोगही जुना आहे. क्रॉनिकलमध्ये ८८३ सालाखाली एक ओळ आहे की आल्फ्रेडने सिगेहेल्म आणि एथेलस्टान या दोघांबरोबर रोमला आणि हिंदुस्थानात, संत थॉमस आणि संत बार्थोलोम्यू यांच्याकडे, दानधर्म पाठवला. वाचून मी उडालोच! पण काही प्रतींत तो शब्द 'इंदिया'च्या जातीचा आहे तर काहींत 'युदेया', म्हणजे ज्यूंचा देश. जुन्या अक्षरात 'एन' आणि 'यू' जवळजवळ सारखेच दिसतात. एका अक्षराचा घोळ आणि पाच-सहा हजार किलोमीटरचा फरक. बाराव्या शतकातल्या विल्यम ऑफ माम्सबरीच्या इतिहासात मात्र या ओळीचं रीतसर प्रवासवर्णन झालेलं दिसतं. दूत हिंदुस्थानातून रत्नं आणि सुगंधी द्रव्यं घेऊन परतलेसुद्धा!

मग या मालिका पाहू नयेत का? छे, पाहाव्यात की. आल्फ्रेड हा आजारी, पुस्तकात रमणारा, पीळदार दंड नसलेला राजा म्हणून उभा करणं हे धाडस होतं आणि ते ॲसरच्या वर्णनाला धरून आहे. पडद्यावर गावाचं जुनं सॅक्सन नाव येतं आणि बघता बघता त्याचं आजचं नाव होतं, ते मला फार आवडतं. कॉर्नवेल तर प्रत्येक कादंबरीच्या शेवटी इतिहास कुठे वाकवला ते स्वतःच सांगतो. मालिकेत ती पानं गळतात. माझी तक्रार असलीच तर एवढीच. शिरस्त्राण चुकलं तर चुकू दे, पण कुणाची लढाई कुणाला दिली ते शेवटच्या पाटीवर एका ओळीत सांगा. खर्च शून्य.

तर सोमवारी त्या मुलाला द्यायचं उत्तर तयार आहे. उब्बाला (तो उब्बाच असेल तर) मारणाऱ्या हाताचं नाव कुठेच नोंदलेलं नाही. नेत्याचं नाव ओड्डा. आणि बाकीचे म्हणजे पाणी नसलेल्या गढीतून पहाटे बाहेर पडलेले डेव्हनचे लोक, बहुतेक शेतकरी.

आणि हो, त्या टेस्टिंगवाल्या मुलीचं नाव परवाच्या डेमोत मी पहिल्याच स्लाइडवर टाकलं. उशिरा का होईना.

असो. बराच वेळ झाला, आज अंघोळीचा वार आहे आणि ती अजून व्हायचीय. चूभूद्याघ्या.